वर्षाच्या आत गेलेलं बाळ नवसाला पावतं? अर्जेंटिनातला मिगेलितो आणि तसे इतर

रेवा_म

परवा रात्री फोनवर एक व्हिडिओ समोर आला. अर्जेंटिनातल्या एका गावाची दफनभूमी, तिथे एक छोटी खोली, खोलीत काचेच्या झाकणाची शवपेटी आणि आत एक बाळ. बाळ १९६७ मध्ये गेलंय म्हणे. आजूबाजूला खेळण्यांचा नुसता ढीग, छोट्या गाड्या, बाहुल्या, झबली, भिंतभर आभाराच्या पाट्या. लोक लांबून येतात, मागणं मागतात, कुणी डोक्याला हात लावून जातं. व्हिडिओच्या थंबनेलवर लाल अक्षरांत 'भयानक ममी' लिहिलेलं आणि खाली कॉमेंटमध्ये सगळी थट्टाच थट्टा, ती वाचून फार वाईट वाटलं कारण काहीही झालं तरी ते कुणाचं तरी लेकरू आहे.

मला खरंच समजून घ्यायचंय. संत म्हणजे आयुष्यभर काहीतरी केलेला माणूस अशी माझी समजूत, पण ज्याला अजून धड बोलताही येत नव्हतं त्याच्याकडे लोक नोकरी मागतात, आजारपण बरं कर म्हणतात, हे कुठून आलं? आणि शरीर इतकी वर्षं टिकतं कसं? चर्चला हे चालतं का? कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज. ज्यांना फक्त 'अंधश्रद्धा' एवढंच लिहायचंय त्यांनी कृपया थांबा, तेवढं मलाही सुचतं.

पांथस्थ

चांगला धागा. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवतोय, त्या निमित्ताने लॅटिन अमेरिकेतल्या लोकश्रद्धांवर खूप वाचन झालंय, तर जरा लांबण लावतो.

तुम्ही पाहिलं ते बाळ म्हणजे मिगेल आंखेल गाइतान, लोक प्रेमाने मिगेलितो म्हणतात. गाव विया उनियोन, पश्चिम अर्जेंटिनातला ला रिओखा प्रांत, अँडीजच्या पायथ्याचा कोरडा ठणठणीत मुलूख. जुलै १९६६ चा जन्म, जून १९६७ मध्ये मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेने गेला, पहिला वाढदिवस अगदी तोंडावर आला होता. मोठं कुटुंब, बरीच भावंडं. इतर बाळांसारखंच त्यालाही पुरलं आणि विषय तिथेच संपायला हवा होता.

पुढची हकिकत तिथले लोक सांगतात ती अशी. १९७३ मध्ये मोठं वादळ झालं, पाऊस कोसळला, त्यात थडग्याची पडझड झाली आणि पेटी उघड्यावर आली. आत बघतात तर बाळ जवळपास जसंच्या तसं. मग नवीन भिंत घातली, ती पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. शेवटी पेटी तशीच उघड्यावर ठेवली तर सकाळी झाकण बाजूला सरकलेलं दिसायचं, वर दगड ठेवले तरी तेच. तेव्हा घरच्यांनी मनाशी ठरवलं की याला झाकून घ्यायचं नाहीये, याला लोकांनी बघावं असं वाटतंय. म्हणून काचेचं झाकण. मग बातमी हळूहळू पसरली, नव्वदच्या दशकापर्यंत वर्तमानपत्रांतून देशभर पोचली आणि त्याला 'चमत्कारी आंखेलितो' हेच नाव पडलं. आंखेलितो म्हणजे छोटा देवदूत.

आता रेवाताई, तुमचा मुख्य प्रश्न, बाळाकडे का मागायचं. हे मिगेलितोपासून सुरू झालेलं नाही, त्याच्या मागे कित्येक पिढ्यांची रीत आहे. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्मा झालेलं मूल समज यायच्या वयाआधी, म्हणजे साधारण सात वर्षांच्या आत गेलं तर त्याच्या नावावर पापच नाही. मोठ्या माणसाच्या आत्म्याला शुद्ध व्हायला थांबावं लागतं, त्याच्यासाठी मागे राहिलेल्यांना प्रार्थना कराव्या लागतात. बाळाचं तसं काही नाही, ते थेट देवापाशी. म्हणजे तुमच्या घरातलं, तुमच्या ओळखीचं, तुमचं ऐकणारं कुणीतरी सरळ दरबारात जाऊन बसलंय. एवढं मान्य केलं की त्याच्याकरवी मागणं ओघानेच येतं. त्याने आयुष्यात काय केलं हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यातच येत नाही, त्याने काही वाईट केलेलं नाही एवढं पुरे.

म्हणूनच चिली, अर्जेंटिना, पराग्वे, पोर्तो रिको अशा कितीतरी ठिकाणी गावाकडे लहान मूल गेलं की 'वेलोरियो देल आंखेलितो' व्हायचा, आंखेलितोची रात्र जागवणं. मुलाला पांढरे कपडे घालायचे, कागदाचे पंख लावायचे, फुलांनी सजवून छोट्या खुर्चीवर किंवा टेबलावर मखरात बसवायचं. गाणी, वाद्यं, खाणंपिणं, काही ठिकाणी नाचसुद्धा. आईला रडू द्यायचे नाहीत, रडलीस तर पंख भिजतील आणि त्याला वर जाता येणार नाही असं सांगायचे. चिलीत या रात्रीसाठी खास गायक असत, ते दहा-दहा ओळींची कडवी गात आणि शेवटची निरोपाची कडवी मुलाच्याच तोंडची असत, म्हणजे गायक मूल होऊन आईला सांगतो की मी निघालो, तू रडू नकोस. त्या आईने ते ऐकत कशी रात्र काढली असेल याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

पोर्तो रिकोचा चित्रकार फ्रान्सिस्को ओयेर याने १८९३ च्या सुमारास याच प्रसंगावर एक भलंमोठं चित्र काढलंय. टेबलावर पांढऱ्या कपड्यांतलं मृत बाळ आणि भोवती लोक पिताहेत, हसताहेत, कुत्री पळताहेत, आणि सगळ्या गर्दीत एक म्हातारा काळा माणूस फक्त त्या बाळाकडे बघतोय. ओयेरला ही प्रथा अजिबात पसंत नव्हती आणि ते चित्रात स्पष्ट दिसतं. म्हणजे त्या समाजातही यावर एकमत कधीच नव्हतं हे लक्षात घ्या.

डॉक_विदिशा

शरीराबद्दल मी लिहिते, हाच माझा विषय आहे.

कुजायला पाणी लागतं. जिवाणूंना ओल आणि ऊब दोन्ही मिळालं तर काम होतं, ओल काढून घेतली की काम थांबतं. बाळाचं शरीर लहान, वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर सुकतं. वर ला रिओखाच्या पश्चिम भागासारखी कोरडी हवा, थोडका पाऊस, कोरडी जमीन. अशा ठिकाणी शरीर आपोआप ममी होऊ शकतं, कुणी काही लावावं लागत नाही. पण 'जसंच्या तसं' म्हणजे झोपलेलं बाळ नव्हे, त्वचा काळपट होऊन चामड्यासारखी ताठ होते, चेहरा आक्रसतो. व्हिडिओत तेच दिसतं आणि लोक त्यालाच भयानक म्हणतात.

अँडीजच्या दोन्ही बाजूंना हे नवीन नाही. उत्तर चिलीच्या किनाऱ्यावर चिंचोरो लोक साधारण सात हजार वर्षांपूर्वी मुद्दाम ममी करायचे आणि त्यांच्या सर्वात जुन्या ममींमध्ये तान्ह्या बाळांच्या आहेत, इजिप्तच्या कितीतरी आधीच्या. त्या वसाहती आणि दफनस्थळं २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आली.

आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. मेनिंजायटिसने वर्षाच्या आतलं मूल गेलं हे वाचताना आपण पटकन पुढे जातो. त्या काळी अर्जेंटिनात हजार जन्मांमागे साधारण साठ मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती, आता हा आकडा दहाच्या आसपास आलाय. मेनिंजायटिस करणाऱ्या मुख्य जंतूंपैकी एक म्हणजे हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी), त्यावर तान्ह्या बाळांना चालेल अशी लस यायला १९९० च्या आसपासचा काळ उजाडला. १९६७ मध्ये अँटिबायोटिक होती, पण या आजारात तासांचा हिशोब असतो. ताप, किरकिर, दूध टाकणं, मग टाळू फुगते, झटके येतात, आणि दवाखाना डोंगरापलीकडे. ज्या मुलखात प्रत्येक घरातून एखादं मूल असं गेलंय तिथे मिगेलितो एकट्या कुटुंबाचा राहत नाही. मला वाटतं या श्रद्धेचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

सरळरेष

थट्टा करायला आलेलो नाही, पण दोन गोष्टी बोलायला हव्यात.

पहिली, त्या भिंतीवरच्या पाट्या. 'मागितलेलं दिल्याबद्दल आभार' अशाच सगळ्या. ज्याचं काम झालं तो परत येतो, पाटी लावतो, मुलाला खेळणं आणतो. ज्याचं झालं नाही त्याची पाटी कुठेच नसते, तो घरी गप्प बसतो. त्यामुळे दहा वर्षांत भिंत भरली की नवीन येणाऱ्याला वाटतं इथे सगळ्यांचंच ऐकलं जातं. कुणी फसवत नाहीये, भिंतच तशी तयार होते. हे समजून घेतलं नाही तर माणूस आजारी मुलाला आधी तिथे नेईल आणि मग डॉक्टरकडे, आणि विदिशाताईंनी वर तासांचा हिशोब सांगितलाच आहे.

दुसरी जास्त गंभीर आहे. मेलेल्या मुलाची भक्ती प्रत्येक वेळी निरागस असते असं नाही. इटलीतल्या ट्रेंटो शहरात १४७५ च्या ईस्टरला सिमोन नावाचं दोन-अडीच वर्षांचं पोर मेलेलं सापडलं. शहरातल्या ज्यू लोकांनी धार्मिक विधीसाठी त्याला मारलं असा आरोप झाला, छळ करून कबुलीजबाब घेतले, माणसं जिवंत जाळली. आणि दुसरीकडे त्याच पोराच्या देहापाशी चमत्कार होतात म्हणून रांगा लागल्या. ही भक्ती जवळपास पाच शतकं चालली, चर्चने ती १९६५ मध्ये बंद केली. मूल निष्पाप आहे म्हटल्यावर त्याच्या मृत्यूचा दोषी कुणीतरी हवाच असं वाटायला लागतं, आणि मग ज्याच्यावर आधीपासून राग आहे तोच सापडतो. मिगेलितोच्या बाबतीत सुदैवाने तसं काही नाही, तो आजाराने गेला. पण 'बिचारी साधी माणसं, त्यांची साधी श्रद्धा' एवढ्यावर थांबू नये म्हणून हे लिहिलं.

पांथस्थ

सरळरेष, ट्रेंटोचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो यायलाच हवा होता. पाट्यांचंही बरोबर आहे, पण भक्तांना हे कळत नाही असं समजू नका. तिथे देणंघेणं उघड असतं, काम झालं तर मी अमुक आणीन. मिगेलितोच्या खोलीत जे साठलंय ते बघा, खेळणी, झबली, टोप्या. मोठ्या माणसाच्या संताला कुणी खेळण्यातली गाडी देत नाही. त्याला बदलायला कपडे, खेळायला गाड्या, म्हणजे लोक त्याच्याकडे मागतात तेवढंच त्याचं करतातही. लहान मुलांच्या या सगळ्या भक्तीत मला हेच दिसत आलंय, मागणारा हात जोडतो आणि त्याच हाताने बाळाचं आवरतो.

मेक्सिकोत ग्वादालाहाराला बेलेनची जुनी दफनभूमी आहे, तिथे नाचितोची कबर बघा. १८८२ मध्ये गेलेला लहानगा मुलगा. दंतकथा अशी की त्याला अंधाराची प्रचंड भीती वाटायची, पुरल्यावर रोज सकाळी त्याची पेटी जमिनीच्या वर आलेली दिसायची, शेवटी त्याची दगडी पेटी जमिनीवर उघड्या आकाशाखालीच ठेवली. आजही लोक तिथे खेळणी आणि गोळ्या-चॉकलेटं ठेवून जातात. मिगेलितोशी किती जुळतं बघा, दोन देश, मध्ये नव्वद वर्षं, आणि गोष्ट तीच की बाळाला बंद करून ठेवलेलं आवडत नाही. बाळाला मातीआड करणं कुठल्याच आईबापाला सहन होत नाही, आणि ते आपल्या तोंडाने म्हणता येत नाही म्हणून बाळाच्या तोंडी घातलं जातं, असं मला वाटतं.

अनामिका_८

इथे फक्त वाचत असते, लिहित नाही. आज लिहिते.

आमची मुलगी सव्वा वर्षाची होऊन गेली. त्यानंतर बरेच महिने फोनवर लसीकरणाचे मेसेज यायचे, तिच्या नावानिशी, 'अमुक डोस बाकी आहे, बाळाला घेऊन या'. नवरा म्हणाला मी फोन करून बंद करायला सांगतो, मी करू दिलं नाही. बाकी सगळे तिच्याबद्दल 'होती, होती' म्हणायचे, एकटा तो मेसेज तिला 'आहे' धरून चालला होता. नंतर तो यायचा आपोआप थांबला.

मिगेलितोची आई त्याचे कपडे बदलते हे कुठेतरी वाचलं होतं तेव्हा मला त्यात विचित्र काहीच वाटलं नव्हतं. मी देव वगैरे मानत नाही, चमत्कार तर नाहीच. पण कुणीतरी लांबून येऊन माझ्या मुलीसाठी झबलं आणलं असतं, तिच्या नावाने तिला हाक मारली असती तर मी दार बंद केलं नसतं. आणि ते पंख भिजतील म्हणून आईला रडू न देणं, ते मात्र क्रूर आहे. वरवर समजूत काढल्यासारखं वाटतं पण त्यात तिचं रडणं काढून घेतलेलं असतं. मलाही खूप जणांनी तेच केलं, फक्त शब्द वेगळे होते.

रेवा_म

अनामिका, तुम्ही लिहिलंत, मनापासून आभार. यावर काय बोलावं कळत नाहीये, पण वाचलं आणि परत परत वाचलं.

पांथस्थ, एक शंका. वर अँडीजच्या ममींचा विषय निघाला म्हणून विचारते, इंका लोक मुलांचा बळी देऊन डोंगरावर पुरायचे ना? मग ही भक्ती तिथूनच चालत आली असेल का? आणि चर्चबद्दल कुणीच नीट सांगितलं नाही.

डॉक_विदिशा

रेवा, तुम्ही म्हणताय ती लुलाइलाको ज्वालामुखीवरची तीन मुलं, १९९९ मध्ये ६,७०० मीटरच्या वर सापडली, आता साल्ता शहरातल्या संग्रहालयात आहेत. तिथे मुलं देवांकडे दूत म्हणून धाडली जायची, इथपर्यंत साम्य वाटतं. पण तो राज्याने ठरवून केलेला बळी होता आणि मिगेलितो आजाराने गेलेलं, घरच्यांनी जीव लावलेलं बाळ आहे. मधल्या पाच शतकांवर उडी मारून दोन्हीची गाठ मारू नये असं माझं मत. शरीर टिकण्याचं कारणही वेगळं, तिथे गोठणं, इथे सुकणं.

पांथस्थ

विदिशाताईंशी सहमत. आंखेलितोची रीत स्पेनमधूनही आलेली आहे, तिकडेही काही भागांत अशी रात्र नाचगाण्याने जागवत, त्यामुळे इंकांपर्यंत जायची गरज पडत नाही.

चर्चचं सांगतो. मिगेलितोला चर्चने संत मानलेलं नाही, पण म्हणून त्याच्याकडे जाणारे लोक स्वतःला कमी कॅथलिक समजत नाहीत, ते चर्चमधल्या प्रार्थनेलाही (मासला) जातात आणि इकडेही येतात. बहुतेक वेळा पाद्री बघून न बघितल्यासारखं करतात. कधी कधी मात्र ठिणगी उडते. पेरूत कुस्कोला 'निन्यो कोम्पाद्रितो' म्हणून एक छोटासा सांगाडा आहे, डोक्यावर केसांचा टोप, काचेचे डोळे, भरजरी कपडे. भक्तांच्या मते तो लहान मुलाचा, टीकाकार म्हणतात माकडाचा. १९७६ मध्ये तिथल्या आर्चबिशपांनी या भक्तीवर बंदी घातली. भक्तांनी सांगाडा लपवला, भक्ती गुपचूप चालू राहिली. १९८२ मध्ये ते आर्चबिशप मोटार अपघातात गेले आणि भक्तांनी लगेच त्याचा संबंध बंदीशी जोडला. लहान मूल कोपतं हासुद्धा या श्रद्धेचा भाग आहे, फक्त गोड गोड चित्र रंगवू नये.

अधिकृत संतपदासाठी चर्चला 'वीरोचित सद्गुण' दाखवावे लागतात, म्हणजे त्या व्यक्तीने समजून उमजून, कठीण परिस्थितीत श्रद्धा आणि चांगुलपणा टिकवला याचे पुरावे. थोडं मोठं मूल असेल तर हे जमतं. पोर्तुगालमधल्या फातिमा गावची फ्रान्सिस्को आणि जासिंता ही भावंडं, दहा आणि नऊ वर्षांची असताना गेली, मे २०१७ मध्ये संत झाली. रिओ दि जानेरोची ओदेतिन्या १९३९ मध्ये नऊ वर्षांची असताना गेली, तिच्या कबरीवर लोक आधीपासूनच नवस बोलायचे, तिला २०२१ मध्ये रोमने संतपदाच्या वाटेवरची 'पूजनीय' ही पायरी दिली. अकरा महिन्यांच्या बाळाचे सद्गुण मात्र कसे सिद्ध करणार, तिथे हा रस्ताच बंद होतो.

गंमत नाही, पण गावातल्या भक्तांच्या बाजूने एक जबरदस्त मुद्दा खुद्द चर्चच्या कॅलेंडरमध्ये आहे. २८ डिसेंबर, 'पवित्र निरागस बालकांचा' सण. हेरोद राजाने बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं मारली अशी बायबलमधली कथा, ती मुलं चर्च दीड हजार वर्षांपासून संत मानत आलंय. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, त्यांनी ना काही शिकवलं ना काही कबूल केलं. चर्च म्हणतं ती येशूच्या जागी मारली गेली म्हणून हुतात्मे आहेत, आजाराने गेलेल्या बाळाला तो नियम लागू नाही.

सरळरेष

हे २८ डिसेंबरचं मला नवीन होतं. माझ्या पाट्यांच्या मुद्द्यावर मी ठाम आहे, पण रेवाताई, तो थंबनेल असलेला व्हिडिओ मी रिपोर्ट केलाय. इथल्या बाकीच्यांनीही करा, लिंक रेवाताईंकडे मागा.